उकंडरावच्या गाडीचा जुलाब

बाप्पा, मानसाले नाद असावा, पन किती असावा याले काई हद्द असते का नाई? केनवडात माही पिठाची चक्की हाय. समोर रस्ता, अन् रस्त्यापलीकडं उकंडराव अंभोरेचं घर. सकाळी चक्कीचं शटर वर केलं का मले पयले उकंडरावचे तळपाय दिसतात. बाकीचा उकंडराव गाडीखाली असते. आठ वर्सं झाले, देवाचं नाव घ्याच्या आंधी मी या मानसाचे तळपाय पाहून राह्यलो.

उकंडराव हे नाव ऐकून शहरातले लोक हासतात. हासू द्या. त्याच्या मायचे आंधीचे लेकरं टिकले नाई, म्हनून हा झाला तसा सुइनीनं त्याले उकिरड्यावर नेऊन ठेवला, अन् मायनं कोनाचं टाकलेलं पोरगं उचलावं तसं उचलून घरात आनलं. टाकून देल्लेल्या लेकरावर कोनाची नजर पडन, असा तो इचार. इलाज लागू पडला म्हना, कारन मानूस सत्तरीले टेकला तरी दातानं सुपारी फोडते, अन् फोडून दाखवल्याबिगर रायत नाई.

नोकरी केली त्यानं ढोराच्या दवाखान्यात. कागदावर हुद्दा व्रणोपचारक. हा शब्द कोनाच्या जिभेवर बसते? गाव त्याले ढोराचा कंपाउंडर म्हनते. रिसोड, कारंजा, मंग केनवड, अशा बदल्या झाल्या. गाय अडली, बैलाचं शिंग मोडलं, म्हशीचं पोट फुगलं, का उकंडराव हजर. जनावराच्या पाठीवर हात ठेवून "काय झालं वं बाई तुले? आं? कुठं दुखून राह्यलं?" असं इतक्या मायेनं इचारे का मले वाटे, आता हे म्हैस सांगते का काय! मानसाची मात्र त्याले तेवढी कदर नाई. मले एकदा ताप आला तं दारातूनच म्हने, "गोपीचंद, रवंथ करून राह्यला ना? मंग काई होत नाई तुले."

कारंज्याले होता तवा एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यावर अडलेली गाय सोडवाले गेला. गोठ्याच्या बाजूले टिनाखाली ही गाडी पडलेली, अन् सीटवर कोंबडी अंडे उबवत बसलेली. गाईले कालवड झाली, सारे खूश झाले, पन उकंडरावचं मन त्या टिनाखालीच रायलं. नोकरी सुटल्यावर त्याच्या कानावर आलं का व्यापाऱ्याचे पोरं कारंजा सोडून चालले अन् गाडी भंगारात चालली. हा आपली चांगली चालती मोटारसायकल घेऊन गेला, ती तिथं देल्ली, अन् न चालनारी गाडी घेऊन आला. ट्रॅक्टरच्या मांगं दोर बांधून! शेलूबाजार, मालेगाव करत करत ती वरात केनवडात आली, अन् उकंडराव स्टेरिंग धरून असा बसलेला, जसा काई तोच ट्रॅक्टरले ढकलून राह्यला.

गाडी कोनती? तं आता रस्त्यानं उंच उंच एमजी फिरतात, ती नाई. ही साठ वर्सांआंधीची एमजी, विलायतेतून आलेली, लाल. टप नाई, मांगची सीट नाई, दरवाजा गुडघ्याएवढा. बसलं का मानसाचं बूड रस्त्यापासून वीतभर वर. जवानीत शंभराच्या वर पळत होती म्हने. सारं गाव पाहाले जमलं. उकंडरावची बायको भागिरथाबाई दारात उभी रायली, गाडीच्या भोवताल एक फेरा मारला अन् म्हन्ली, "एवढ्या धुडात दोनच मानसं बसतात? आपल्या म्हशीवर तीन पोट्टे बसतात."

तवापासून तिचं तोंड त्या गाडीवर चालूच. कधी सवत म्हने, कधी कोंबड्याचा खुराडा म्हने. मले चक्कीत बसल्या बसल्या सारं ऐकू येते. "जेवाले येता का तिलेच ताट वाढू?" हे तं रोजचं. आठ वर्सांत त्या गाडीबद्दल एक गोड शब्द त्या बाईच्या तोंडून म्या ऐकला नाई, शपथ घेऊन सांगतो.

उकंडराव हासे अन् कामाले लागे. काम बी कसं? जनावराच्या दवाखान्यावानी. गळ्यात दवाखान्यातली जुनी नळी, ती इंजिनले लावून डोळे मिटून ऐकत बसे. पानी गळनाऱ्या पायपाले गॉज गुंडाळून अशी सुरेख पट्टी बांधे का पाहतच रहावं. पोरगा संघदीप पुन्याले नोकरीवर हाय, तो जुन्या गाड्यावाल्यांकडून एक एक सामान धुंडून पाठवे. असं करत करत यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी इंजिन सुरू झालं. गल्लीत एक चक्कर मारली. लोकायनं टाळ्या वाजवल्या, मी बी वाजवल्या. खोटं कायले बोलू?

आता भागिरथाबाईचं सांगतो. ती अंगनवाडी सेविका. केनवडातून दोन कोसावर रूपला नाईक तांडा हाय, माह्यं जन्मगाव, तिथं तिची अंगनवाडी. सारी नोकरी त्या एका तांड्यात गेली. उन्हात, चिखलात, कधी काळीपिवळी जीप, कधी पायी. माही सून तिथंच रायते, माहे नातू तिच्याच हातची खिचडी खाऊन वाढले. तांड्यातल्या बाया तिले याडी म्हनतात, आमच्या बंजाऱ्यात मायले याडी म्हनतात. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी ती निवृत्त होनार होती अन् तांड्यानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. मंग ट्रॅक्टरवर बसवून वाजत गाजत केनवडले आनून सोडाचं, असं ठरलं.

आठ दिवस आंधी ती माह्या चक्कीवर दळन घ्याले आली, मांगून उकंडराव आला. म्हने, "ट्रॅक्टर कायले? मी येतो ना गाडी घेऊन."

भागिरथाबाई इतकी हासली का पिठाचा डबा खाली ठेवा लागला. "तुमची गाडी गल्लीच्या भाईर जात नाई, तांड्यावर कवा येईन?"

"येईन. शब्द देल्ला. तुह्या शेवटच्या दिवशी तुले याच गाडीत बसवून घरी आनीन. नाई आनलं तं दुसऱ्या दिवशी गाडी भंगारवाल्याले देईन. गोपीचंद साक्षीले हाय."

मले कायले मधात ओढते हा मानूस? पन मी मान हलवली. भागिरथाबाईचं हासू थांबलं. "अवो, शब्द द्याचा तं इचार करून द्या," म्हन्ली अन् डबा घेऊन चालली गेली. मले वाटलं, आता या गड्याची गाडीबी जाते अन् इज्जतबी.

लांबच्या पल्ल्याआंधी इंजिनचं ऑइल बदलाच लागते. आतलं ऑइल कधीचं होतं कोनास ठाऊक, ऑइल मोजाची कांडी काढून पाह्यली तं डांबर! नवं वीस-पन्नास नंबरचं घट्ट ऑइल अन् फिल्टर संघदीपनं कुरियरनं पाठवलं, अन् तेही आलं कवा? कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दिवेलागनीले. म्हनून सारं काम कार्यक्रमाच्याच सकाळवर आलं. भागिरथाबाई नवं निळं लुगडं नेसून पयल्या जीपनं निघाली. गाडीकडं पाह्यलं, नवऱ्याकडं पाह्यलं. "आले तं या. नाई तं ट्रॅक्टर हाय."

ती गेली, अन् उकंडराव बाह्या सारून म्हने, "चाल गोपीचंद, आज हिचा जुलाब."

बाभळीचे दोन ओंडके तासून त्यानं चढाव करून ठेवला होता. पयले इंजिन उलीसं चालू ठेवलं. "अंग गरम झालं का घान सुटते," म्हने, "बैलाचं बी तसंच." मंग गाडीचे पुढचे चाकं ओंडक्यावर चढवले, मांगच्या चाकाले दगड लावले, बारदाना टाकला अन् गेला खाली. इंजिनच्या बुडाशी ऑइलचं भांडं असते, त्याले मिस्त्री लोक चेंबर म्हनतात. त्या चेंबरले खालून एक मोठा नट असते. तो काढला का सारं ऑइल खाली. उकंडरावनं खाली घमेलं ठेवलं, पान्यानं नट ढिला केला, शेवटचे आटे बोटानं काढून राह्यला, तेवढ्यात भसकन गरम ऑइल मनगटावर आलं. "अयाया!" हात मांगं घेतला, अन् नट गेला घमेल्यात. टुप!

"राहू दे," मी म्हन्लं. "थंड झाल्यावर काढू."

"हाव," तो म्हने.

हेच चुकलं.

आमच्याकडं जळक्या ऑइलले भल्ली मागनी. चौकटीले लावलं का उधई-वाळवी लागत नाई. नांगरले, वखरले लावलं का जंग चढत नाई. सेंट्रिंगवाले लोखंडी प्लेटाले लावतात, म्हंजे सिमेंट चिकटत नाई. गरम गरम असतानाच द्याचं, कारन पातळ ऑइल लाकडात लवकर मुरते. उकंडरावच्या गाडीचा जुलाब हाय हे गावाले कळलेलं, तं सकाळपासून लोक बाटल्या घेऊन वट्ट्यावर बसले, जसं काई दूध वाटून राह्यलं.

उकंडराव ओगराळं घेऊन वाढाले बसला. अन् नुस्तं वाढलं असतं तं गोष्ट निराळी. हा पडला ढोराचा कंपाउंडर. जो येईन तो बाटली पुढं करे अन् इचारे, "उकंडरावदादा, आमची गाय पान्हा चोरून राह्यली." "वासराले पयले लावत जा, मंग धार काढ." दुसरा म्हने, "बैल पाय टेकवत नाई." "खूर पाह्यला का? खिळा असन." एका ओगराळ्याले एक इलाज. शेवटी केशरबाईनं घमेल्याच्या तळचं डब्यात घेतलं, सेवादास सेंट्रिंगवाल्यानं उरलंसुरलं आपल्या बादलीत उपडं केलं, उकंडरावनं घमेलं फडक्यानं पुसून लख्ख केलं अन् हात झटकत पुन्हा गाडीखाली गेला.

खालून हात भाईर आला. "गोपीचंद, नट दे."

"कोनता नट?"

हात तसाच रायला. मंग उकंडराव हळूहळू भाईर निघाला, अन् आम्ही दोघं त्या लख्ख घमेल्याकडं पाहत बसलो.

माहं डोकं फिरलं. "अरे, अक्कल गहान ठेवली काय तुनं? सत्तर वर्सांचा घोडा झाला! म्हशीची धार कशी काढाची ते गावाले सांगून राह्यला, अन् आपला नट वाटून टाकला!" विलायती गाडीचा नट, त्याचे आटे इंचाच्या मापाचे. रिसोडात भेटत नाई, वाशिमात भेटत नाई. तिकडं तांड्यावर मंडप पडला असन, बाई खुर्चीवर बसली असन.

उकंडरावनं घमेलं उलटं करून पाह्यलं. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. मंग मलेच कीव आली. मी म्हन्लं, "थांब. बाटलीच्या तोंडातून माहा अंगठा जात नाई, एवढा मोठा नट कसा जाईन? बाटलीवाले सारे सुटले. रायले दोन, केशरबाईचा डबा अन् सेवादासची बादली. बस माह्या फटफटीवर."

केशरबाईनं चौकट काळीकुट्ट करून ठेवली होती. म्हन्ली, "डब्याच्या बुडाशी गाळ होता बापा, तो म्या उकिरड्यावर फेकला." झालं! उकंडराव धोतर खोचून उकिरड्यात उतरला अन् हातानं शेन चाळाले लागला. केशरबाई पदर तोंडावर धरून हासे. "काय पाह्यता दादा, तुमचं जन्मगाव हाय ना हे?" उकंडरावले बी हासू आलं. तिथं एक वखराचा बोल्ट भेटला, एक बांगडी भेटली, नट काई भेटला नाई.

सेवादास कामावर होता. माहा मावसभाऊ भाऊसिंग घर बांधून राह्यला, त्याच्या पुढच्या खांबाच्या प्लेटा सेवादासनं नुकत्याच लावल्या होत्या अन् काँक्रीट ओतून झालं होतं. त्याले इचारलं तं डोकं खाजवत म्हने, "प्लेटीवर बादली उपडी केली तवा टप्पकन काईतरी वाजलं बा. म्या म्हन्लं खडा असन. प्लेट तशीच लावली."

"मंग?"

"मंग काय? खांब भरला ना."

आम्ही चौघं त्या ओल्या खांबाकडं पाहत उभे रायलो. भाऊसिंगच्या डोक्यात उजेड पडला. "म्हंजे माह्यं घर विलायती नटावर उभं हाय?"

मी म्हन्लं, "सेवादास, खोल त्या प्लेटा. ओलं हाय तोवर काढ नट."

"काढून तं पाह्य!" भाऊसिंग आडवा झाला. "पयले तुही चक्की फोडतो मी." आमचं दोघांचं चांगलंच जुंपलं. लहानपनापासूनचे सारे हिशेब निघाले, त्यानं मले बोरीच्या झाडावरून ढकललं होतं तेही निघालं.

उकंडरावनं माह्या खांद्यावर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवते तसा. "राहू दे गोपीचंद. कोनाच्या घराचा खांब फोडून बायकोले घरी आनू काय मी? चाल."

परत आलो. मले वाटलं, आता हा डोक्यावर पांघरून घेते. पन तो सरळ सरपनाच्या ढिगाकडं गेला, बाभळीचं वाळकं लाकूड निवडलं अन् खूर तासाची सुरी घेऊन बसला. तासे, गाडीखाली जाऊन भोकात लावून पाहे, पुन्हा तासे. निमुळती, गुळगुळीत खुंटी तयार झाली. तिले गॉज गुंडाळला, गॉजवर कपड्याचा साबन चोळला, अन् गाडीखाली जाऊन हातोडीनं ठोकली. वरून पट्टी बांधली. पट्टीची गाठ बी अशी, का कोन्या बैलाले अभिमान वाटावा.

"बैलाच्या खुरात भोक पडलं का असाच बोळा बसवतो मी," म्हने.

"बैलाले इंजिन नसते, उकंडराव," मी म्हन्लं. "रस्त्यात खुंटी निघाली अन् ऑइल सांडलं तं इंजिन जागेवर जाम होईन. आठ वर्सांची मेहनत मातीत जाईन. भागिरथाबाई समजून घेईन ना. नट मांगव, पुढच्या महिन्यात आन तिले."

"पुढच्या महिन्यात तिचा शेवटचा दिवस हाय काय?"

त्यानं नव्या ऑइलचा डबा माह्याकडं सरकवला.

"चाळीस वर्सं झाले लग्नाले," तो म्हने, "तिनं कधी काई मांगतलं नाई. हे बी मांगतलं नाई, म्याच शब्द देल्ला. इंजिन जाते तं जाऊ दे. तू डबा पकड."

ज्या गाडीवर कोंबडीनं पाय ठेवला तरी धावून जाये, त्या गाडीबद्दल हा मानूस असं बोलला. मी डबा पकडला. बैलाले औषध पाजाची बांबूची नळी लावून त्यानं नवं ऑइल ओतलं. मधासारखं पिवळं, सोनेरी. कांडीवर माप पाह्यलं. खुंटीतून एक थेंब आला, मंग थांबला.

इंजिन सुरू झालं. मी उरलेल्या ऑइलचा डबा अन् हातोडी घेऊन बाजूच्या सीटवर बसलो, पाय लांब करून, आंघोळीच्या टपात बसल्यावानी. माह्यं काम ठरलं होतं, समोर ऑइल प्रेशरचा काटा हाय, तो खाली पडला का वरडाचं. शंभराच्या वर पळनारी गाडी आम्ही अशी चालवली का एका सायकलवाल्यानं घंटी वाजवून साइड मांगतली. गड्ड्याजवळ आला का उकंडराव "हो हो, हळू बाई, हळू" म्हने. मी काट्यावरून नजर काढली नाई. डोक्यावर ऊन, खाली इंजिनची आग. मी कोन्या देवाले सोडलं नाई त्या रस्त्यात.

तांडा दिसला तवा भाषनं संपले होते. लिंबाखाली मंडप, ट्रॅक्टर सजवून उभा, भागिरथाबाईच्या गळ्यात हार. ती खुर्चीवर बसली होती, पन तोंड मंडपाकडं नाई, रस्त्याकडं.

पयले एका लेकरानं पाह्यलं. "लाल गाडी!" अन् मंग बाप्पा, काय सांगू? अख्खा तांडा उठला. "लाल गाडी आली! बाईची लाल गाडी आली!" अंगनवाडीतले बारके धावले, त्याईच्या मांगं शाळेतले मोठे पोट्टे धावले, मिसरूड फुटलेले पोट्टे, ते बी नाचून राह्यले. एक जन तं दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा घालून म्हने, "म्या म्हन्लं होतं ना येईन!"

मले काई समजे ना. माही सून समोर आली, तिले इचारलं, "काय वं, हे काय लफडं हाय? याईले गाडीचं काय मालूम?"

सून म्हन्ली, "मामाजी, तुमाले मालूम नाई? याडी आठ वर्सांपासून सांगून राह्यली ना. कोनी खिचडी खात नाई, कोनी सुईले घाबरते, का याडी म्हने, रडू नको, माह्या घरी लाल गाडी हाय. आमचे हे तयार करून राह्यले. माह्या शेवटच्या दिवशी ते गाडी घेऊन येतीन, अन् जो जेवला त्याले फेरी मारून आनतीन. मोठे झालेले पोट्टे तिची मजाक करत, बाई, कुठं हाय तुमची गाडी? ती म्हने, येईन. ते करून राह्यले म्हंजे येईनच."

मले रडू आलं. साफ सांगतो, मले रडू आलं. खुराडा म्हननारी, सवत म्हननारी बाई! घरी एक शब्द नाई, अन् इकडं साऱ्या तांड्याले भरोसा देऊन बसली.

उकंडरावनं बी ऐकलं होतं. तो स्टेरिंग धरून तसाच बसला, भाईर निघालाच नाई. भागिरथाबाई जवळ आली. "आले म्हना," म्हन्ली. "उशीर केला." अन् मंग लेकरायकडं वळून म्हन्ली, "रांगेत. ढकलाढकली कराची नाई. पयले बारके."

झालं! उकंडराव माह्याकडं पाहे, मी उकंडरावकडं. पन त्यानं बाजूचा दरवाजा उघडला. दोन दोन, तीन तीन लेकरं बाजूच्या सीटवर कोंबले अन् लिंबाभोवती फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक फेरी संपली का मी बूड वर करून गाडीखाली पाहे. सारे म्हनत, हा म्हातारा काय पडून पडून पाया पडून राह्यला? लेकरं किंचाळत, हॉर्न वाजे, बाया हासत, अन् माहा जीव त्या खुंटीत. थेंब वाढले तसा मी फुटलो. "बस करा रे आता! खुंटी निघन!"

भागिरथाबाईनं वळून पाह्यलं. "कोनती खुंटी?"

उकंडरावनं इंजिन बंद केलं. सांगतलं सारं. नट, घमेलं, भाऊसिंगचा खांब, बाभळीची खुंटी. ती ऐकत रायली. मंग वाकून स्वतःच गाडीखाली पाह्यलं, पट्टीची गाठ पाह्यली.

"अन् रस्त्यात निघाली असती तं?"

"तं इंजिन गेलं असतं."

"मालूम होतं तुमाले?"

"हाव."

गळ्यातला हार काढून तिनं माह्या सुनेच्या हातात देल्ला.

उकंडराव म्हने, "भागिरथा, लेकराईले सांगतलं, गोपीचंदच्या सुनेले सांगतलं. मले काहून नाई सांगतलं? मले तं वाटे, तुले ही गाडी डोळ्यापुढं नको."

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी घाई केली असती," ती म्हन्ली. "घाईत काई मोडलं असतं, अन् मंग दोन दोन दिवस जेवले नसते. म्या पाह्यलं नाई काय तुमाले? त्यापेक्षा शिव्या देल्लेल्या बऱ्या. मानूस शिव्या खाऊन काम बरं करते."

सारा तांडा हासला. उकंडराव बी हासला, पन डोळे पुसत. मी खुंटीवर दोन हातोड्या मारल्या, पट्टी पुन्हा आवळली, डब्यातलं उरलेलं ऑइल ओतलं. भागिरथाबाईनं नव्या लुगड्याचा पदर खोचला, गुडघ्याएवढा दरवाजा उघडला अन् बसली, जशी काई रोजच बसते. माही जागा गेली, मी ट्रॅक्टरवर. उकंडरावनं इंजिन सुरू केलं, काट्याकडं पाह्यलं अन् म्हने, "हळू हळू न्या लागन बरं. घरी जाले दिवस कलन."

"होऊ द्या," ती म्हन्ली. "उद्या सकाळी मले कुठीच जायाचं नाई."